वाहिनी एक, विक्रेते अनेक

सरकारने बाजारातून हात काढून घेतला की विक्रेत्यांमध्ये स्पर्धा सुरू होते, स्पर्धेमुळे भाव उतरतात आणि ग्राहकाला चार दुकाने हिंडून पसंतीचा माल घेता येतो, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील आवडते प्रमेय आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९७ साली हे प्रमेय थेट घरातील शेगडीपर्यंत नेऊन पाहिले. त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने नैसर्गिक वायूच्या पुरवठ्यात स्पर्धा आणणारा कायदा संमत केला आणि पिढ्यान्‌पिढ्या गॅस पुरविणाऱ्या ‘अटलांटा गॅस लाइट’ या कंपनीला विक्रीच्या व्यवसायातून दूर केले. कंपनीकडे उरल्या त्या केवळ जमिनीखालच्या वाहिन्या. सुमारे १४ लाख ग्राहकांना गॅस विकण्याचे काम नव्या व्यापारी कंपन्यांकडे सोपविण्यात आले. पाच वर्षे पुरी होतात न होतात तोच, २००२ साली, त्याच विधिमंडळाला ग्राहकांना दिलासा देण्यासाठी दुसरा कायदा करणे भाग पडले.

या पाच वर्षांचा इतिहास मुंबई-पुण्याच्या वाचकाने दूरदेशीची हकिगत म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली, पुण्यात २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी आली आणि आता राज्यातील अनेक जिल्ह्यांत वाहिन्या टाकण्याचे परवाने दिले गेले आहेत. या वाहिन्या इतर विक्रेत्यांनाही खुल्या कराव्यात, ही कल्पना भारतीय कायद्यात बीजरूपाने आहेच. तेव्हा ज्यांनी हा प्रयोग आधी केला त्यांच्या पदरात काय पडले, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

नियंत्रणाने काय बिघडले?

नियंत्रणमुक्ती ही काही भांडवलदारांच्या लहरीतून जन्मलेली गोष्ट नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने राज्याराज्यांतून जाणाऱ्या वाहिन्यांवर मध्यवर्ती आयोगाचे नियंत्रण आले. वाहिनी ही स्वभावतःच मक्तेदारी असते. एकाच रस्त्याखालून चार कंपन्यांनी चार नळ घालणे हा निव्वळ अपव्यय होय. त्यामुळे वाहिनीच्या भाड्यावर सरकारची नजर असणे योग्यच होते. पण १९५४ साली फिलिप्स कंपनीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परराज्यात जाणाऱ्या गॅसचा विहिरीवरील भावदेखील आयोगाच्या अखत्यारीत येतो. विहिरींचे मालक हजारोंनी होते. त्या प्रत्येकाचा उत्पादनखर्च तपासून भाव ठरविणे आयोगाच्या आवाक्याबाहेरचे होते. अर्जांचे ढीग साचले, भाव मात्र खालच्या पातळीवर गोठले.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. टेक्सास किंवा लुइझियानाच्या हद्दीतच विकल्या जाणाऱ्या गॅसवर हे नियंत्रण नव्हते. साहजिकच उत्पादक आपला गॅस घरच्या घरी चढ्या भावाने विकू लागले आणि उत्तरेकडील थंड राज्ये नियंत्रित दराच्या स्वस्त गॅसची वाट पाहत राहिली. १९७६-७७च्या कडाक्याच्या हिवाळ्यात टंचाई इतकी वाढली की, कित्येक कारखाने आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी १९७७मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून दूरदर्शनवर आले आणि दिवसा घरातील तपमान १८ अंश सेल्सियसच्या वर नेऊ नका, असे आवाहन त्यांनी देशाला केले. स्वस्त भाव कागदावर होता. गॅस मात्र नळात नव्हता.

१९७८च्या कायद्याने विहिरीवरील भाव टप्प्याटप्प्याने मोकळे करण्यास आरंभ झाला. १९८९च्या कायद्याने उरलेसुरले नियंत्रण १९९३च्या प्रारंभापर्यंत संपविण्याचे ठरले. १९९२ साली मध्यवर्ती नियामकाने लांब पल्ल्याच्या वाहिन्यांच्या कंपन्यांना गॅस वाहण्याचा धंदा आणि गॅस विकण्याचा धंदा वेगळे करण्यास भाग पाडले. या टप्प्यापर्यंतची सुधारणा यशस्वी झाली, असे निःशंकपणे म्हणता येईल. टंचाई हटली, उत्पादन वाढले आणि १९९०च्या दशकात ठोक भाव बहुतांशी माफक राहिले. विकणारे हजारो आणि ठोक विकत घेणारेही शेकडो, अशी स्थिती असेल तर बाजार आपले काम करतो.

दाभोळपर्यंत पोचलेली वाट

परंतु या यशाच्या पोटातच एक धोका दडलेला होता आणि त्याची झळ महाराष्ट्राला चांगलीच बसली. टंचाईची धास्ती घेतलेल्या वाहिनी-कंपन्यांनी १९७८ नंतर उत्पादकांशी ‘गॅस घ्या अथवा न घेता पैसे भरा’ अशा धर्तीचे दीर्घ मुदतीचे करार केले. पुढे मागणी घटली, भाव कोसळले आणि न घेतलेल्या गॅसचे पैसे भरण्याची पाळी या कंपन्यांवर आली. याच उलथापालथीच्या काळात, १९८५ साली, दोन गॅस कंपन्यांच्या विलीनीकरणातून जी कंपनी उदयास आली तिचे नाव एन्‍रॉन. मोकळ्या झालेल्या गॅस-बाजारात दलाली करून ती बघता बघता मोठी झाली.

हीच एन्‍रॉन १९९२ साली दाभोळला आली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी झालेल्या करारात मंडळाने वीज उचलली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेपोटी ठरलेली रक्कम द्यायची, अशी तरतूद होती. अमेरिकेतील वाहिनी-कंपन्यांनी जे दुखणे ओढवून घेतले होते, त्याचेच हे भावंड. १९९५ साली करार रद्द झाला, नंतर फेरवाटाघाटींनी तो पुन्हा उभा राहिला, १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्‍रॉनने दिवाळे काढले. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर चालावयाचा हा प्रकल्प पहिल्या टप्प्यात नॅफ्थ्यावरच चालला. मोकळ्या बाजारात भाव पडण्याचा किंवा चढण्याचा धोका नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खांद्यावर जातो, आणि करार लिहिताना जो बेसावध असतो त्याच्या खांद्यावर तो जाऊन बसतो. दाभोळने महाराष्ट्राला शिकविलेला धडा हा आहे.

जॉर्जियाचा प्रयोग

जॉर्जियाच्या विधिमंडळाने विहिरीवर यशस्वी झालेले तत्त्व घराच्या उंबरठ्यावर आणले. येथे मूलभूत फरक होता. विहिरी अनेक असतात, पण घरात येणारी नळी एकच असते. त्या नळीतून येणारा गॅस कोणत्याही व्यापाऱ्याचा असला तरी तो तोच असतो. त्याला ना वेगळा रंग, ना वेगळा गुण. मग स्पर्धा कशाची? तर बिलाची, दराच्या योजनांची आणि जाहिरातींची. नोव्हेंबर १९९८पासून नवे विक्रेते आले. १९९९ साली मुदत घालून देण्यात आली आणि त्या मुदतीत ज्यांनी विक्रेता निवडला नाही, अशा ग्राहकांची विक्रेत्यांमध्ये वाटणी करण्यात आली. निवडीचे स्वातंत्र्य देण्यासाठी केलेल्या कायद्याने शेवटी कित्येकांना न निवडलेल्या दुकानदाराच्या स्वाधीन केले, हा त्यातला विरोधाभास.

नव्या कंपन्यांपैकी काही वर्षा-दोन वर्षांतच गळाल्या. एकीने तर १९९९ सालीच दिवाळे काढले. बिले महिनोन्‌महिने उशिरा येऊ लागली, आली ती चुकीची येऊ लागली. अशातच २०००-०१चा हिवाळा कडक गेला. ठोक बाजारात वर्षभरापूर्वी दोन-अडीच डॉलरच्या घरात असलेला भाव दहा डॉलरच्या आसपास जाऊन भिडला. भाववाढ सगळ्या देशात झाली हे खरे. पण जुन्या व्यवस्थेत कंपनीच्या खरेदीची छाननी करणारा आणि वाढीचा भार पुढच्या महिन्यांवर विभागणारा आयोग होता. नव्या व्यवस्थेत ग्राहक एकटा होता. थकबाकी वाढली, जोडण्या तोडल्या जाऊ लागल्या आणि ऐन थंडीत हे थांबविण्यासाठी राज्याच्या नियामक आयोगाला हस्तक्षेप करावा लागला.

याहून सूक्ष्म असा आणखी एक परिणाम होता. वाहिनीचे भाडे पूर्वी मुख्यतः वापराप्रमाणे वसूल होई. नव्या पद्धतीत ते घराच्या कमाल गरजेवर बेतलेला स्थिर आकार म्हणून दरमहा बिलात येऊ लागले. उन्हाळ्यात शेगडीपुरताच गॅस जाळणाऱ्यालाही ते चुकले नाही. अर्थशास्त्रदृष्ट्या यात तर्क आहे, कारण वाहिनीचा खर्च वापरावर अवलंबून नसतो. परंतु काटकसर करणाऱ्या निवृत्त माणसाला आपल्या काटकसरीचे फळ बिलात दिसेनासे झाले, हेही तितकेच खरे.

२००२च्या कायद्याने ग्राहकांचे हक्क लेखी स्वरूपात नमूद केले आणि अल्प उत्पन्नाच्या किंवा पत गमावलेल्या ग्राहकांसाठी एक नियंत्रित पुरवठादार नेमण्याची तरतूद केली. कारण मोकळ्या बाजारात असे गिऱ्हाईक कोणालाच नको होते. सरकार पुढच्या दाराने बाहेर पडले होते; ते मागच्या दाराने परत आले. तथापि जॉर्जियाने स्पर्धा रद्द केली नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तेथे व्यापारी कंपन्या राहिल्या आणि दरांची तुलना करून योग्य वेळी ठराविक दराचा करार करणाऱ्या चौकस ग्राहकाला त्याचा लाभही मिळू शकतो. प्रश्न चौकस ग्राहकाचा नाहीच. ज्याला छापील योजनांच्या जंजाळात शिरण्यास वेळ नाही, किंवा ज्याचे वय झाले आहे, त्याचे काय, हा आहे.

ब्रिटनचा दाखला

ब्रिटनने १९८६ साली ब्रिटिश गॅस ही सरकारी संस्था विकली आणि १९९६ ते १९९८ या काळात घरगुती ग्राहकांना विक्रेता निवडण्याची मुभा दिली. काही काळ त्याचे कौतुक झाले. पण जे ग्राहक विक्रेता बदलत नाहीत त्यांच्याकडून जादा पैसे उकळले जातात, असे दिसून आल्यावर २०१९पासून तेथील नियामकाला दराची कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ साली ठोक भाव भडकले, तेव्हा अपुऱ्या भांडवलावर दुकान थाटलेले दोन डझनांहून अधिक विक्रेते एकामागून एक बुडाले. त्यांचे ग्राहक इतरांकडे वळविण्यात आले आणि त्याचा खर्च सर्वच बिलांवर वाटला गेला. नफा होता तेव्हा तो मालकांचा होता. तोटा झाला तो मात्र सर्वांचा ठरला.

भारतातील उफराटी स्थिती

या पार्श्वभूमीवर भारताकडे पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. अमेरिकेने विहिरीवरचे नियंत्रण काढले आणि शहरी वाहिनीवरचे ठेवले. भारतात याच्या नेमके उलट आहे. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांतील गॅसचा भाव सरकारच्या सूत्राने ठरतो. किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३मध्ये हा भाव भारत आयात करीत असलेल्या कच्च्या तेलाच्या किमतीशी जोडण्यात आला आणि त्याला प्रारंभी किमान ४ व कमाल ६.५ डॉलरची मर्यादा घालण्यात आली. त्या महिन्यात मुंबईत सीएनजी किलोमागे ८ रुपयांनी आणि घरगुती गॅस घनमीटरमागे ५ रुपयांनी उतरला. हा स्वस्त गॅस स्वयंपाकघरांना आणि वाहनांना अग्रक्रमाने मिळतो. पण त्याची शहरातील विक्री परवानाधारक एकाच कंपनीकडे असते, आणि ती कंपनी ग्राहकाला कोणत्या दराने गॅस विकते यावर नियामक मंडळाचे नियंत्रण नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. पण ते कायद्याने सिद्ध झाले आहे. २००६च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने दिल्लीतील कंपनीच्या वाहिनी-आकारावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ साली न्यायालयाने निर्वाळा दिला की, स्वतःच्या वाहिन्यांतून गॅस विकणाऱ्या अशा कंपनीचा किरकोळ दर किंवा वाहिनी-आकार ठरविण्याचा अधिकार संसदेने मंडळाला दिलेलाच नाही. दोष न्यायालयाचा नव्हे, कायद्याचा आहे. विजेचा दर वाढवावयाचा तर राज्य वीज नियामक आयोगापुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, त्यावर जाहीर सुनावणी होते, ग्राहक संघटना आकडे मागतात आणि हरकती घेतात. गॅसचा दर वाढवावयाचा तर वर्तमानपत्रांकडे एक पत्रक पाठविले की पुरते. मुंबईतील शिक्षकाला किंवा कारकुनाला जॉर्जियातील ग्राहकासारखी निवड नाही आणि जुन्या अमेरिकी ग्राहकासारखे संरक्षणही नाही. मक्तेदारी आहे, पण तिच्यावर पहारा नाही.

यावर उत्तर दिले जाते की, सिलिंडर हाच वाहिनीच्या गॅसचा प्रतिस्पर्धी आहे आणि त्याची किंमत वाहिनीवाल्यांना आपोआप लगाम घालते. यात तथ्य आहे. परंतु सिलिंडरची किंमत ही सरकारी तेल कंपन्यांच्या आणि पर्यायाने सरकारच्या मर्जीची बाब आहे. शिवाय एकदा सिलिंडर परत करून भिंतीत नळी बसविली की, दर दोन रुपयांनी वाढला म्हणून कोणी ती उखडून काढीत नाही.

दारे उघडण्यापूर्वी

मग भारतातही विक्रेत्यांना दारे उघडून द्यावीत काय? परवाना देताना विक्रीचा अनन्य हक्क काही वर्षांपुरताच द्यावयाचा आणि मुदत संपल्यावर रास्त भाडे घेऊन वाहिनी इतरांस वापरू द्यावयाची, हे धोरण नियमांत नमूद आहे. मुंबई-दिल्लीसारख्या जुन्या शहरांत ती मुदत उलटून गेल्यावरही अंमलबजावणी दीर्घकाळ न्यायालयीन वादात अडकून राहिली.

घाईने दारे उघडल्यास काय होईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. जॉर्जियातील घराला थंडीत ऊब लागते. मुंबईच्या घराला लागतो तो केवळ स्वयंपाकापुरता गॅस. इतक्या लहान गिऱ्हाइकासाठी नवा विक्रेता धावून येणार नाही. तो जाईल सीएनजीच्या पंपांकडे, उपाहारगृहांकडे आणि कारखान्यांकडे, कारण मलई तेथे आहे. चाळी आणि सहनिवासांपर्यंत पोचलेल्या हजारो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांचा खर्च मग उरलेल्या घरगुती ग्राहकांवर पडेल आणि जॉर्जियातील तो स्थिर आकार येथेही अवतरेल. ज्याचा वापर थोडा, त्याला तो अधिक जाचेल.

शिवाय भारताला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा आयात करावा लागतो. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर बाजार पेटला, तेव्हा गेलशी दीर्घ मुदतीचा करार असलेल्या, पूर्वी रशियन मालकीच्या जर्मन कंपनीने जहाजे पाठविणे थांबविले आणि गेलला आपल्या ग्राहकांच्या पुरवठ्यात कपात करावी लागली. ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारनेच वाहनांसाठीच्या स्वस्त गॅसचा वाटा कमी केला. गेलसारख्या कंपनीची जेथे अशी गत होते, तेथे भाड्याच्या कचेरीत बसून गॅसची कागदोपत्री खरेदी-विक्री करणाऱ्या नव्या विक्रेत्याचा पाय किती काळ टिकेल?

याचा अर्थ स्पर्धाच नको, असा नाही. नियंत्रणाने गॅस पैदा होत नाही, हे १९७७च्या हिवाळ्याने दाखविले आहे. आणि भाव गोठवून ठेवण्याचा लोकानुनय भारतालाही परवडणारा नाही. फरक करावयाचा तो गॅसचा भाव आणि वाहिनीचे भाडे यांत. गॅसच्या खरेदीचा भाव बाजाराप्रमाणे वरखाली झाला तरी चालेल; पण वाहिनीचे भाडे आणि विक्रेत्याचा नफा यांची जाहीर छाननी झालीच पाहिजे. त्यासाठी २००६च्या कायद्यात दुरुस्ती करून, जोवर ग्राहकाला खरी निवड नाही तोवर त्याचा दर तपासण्याचा अधिकार मंडळाला दिला पाहिजे. वाहिनीचा हिशेब आणि विक्रीचा हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. नवा विक्रेता येणार असेल तर त्याने किती गॅसची तरतूद केली आहे आणि त्याच्यामागे किती भांडवल आहे, हे आधी पाहिले पाहिजे. विक्रेता बुडाला तरी शेगडी विझणार नाही, अशी जबाबदारी कायद्याने कोणावर तरी निश्चित केली पाहिजे. आणि बिल मराठीत, गॅसची किंमत, वाहिनीचे भाडे व कर स्वतंत्रपणे दाखविणारे असले पाहिजे. कारण जे बिल वाचता येत नाही त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

जॉर्जियाने आधी दारे उघडली आणि मग पहारेकऱ्याचा शोध घेतला. ब्रिटनला वीस वर्षांनी तीच उपरती झाली. दाभोळचे देणे फेडलेल्या महाराष्ट्राने हा क्रम उलटा ठेवण्याचा आग्रह धरावा. आधी पहारा, मग दारे. वाहिनी एकच राहणार असेल, तर विक्रेते किती यापेक्षा त्या वाहिनीवर कोणाचे लक्ष आहे, हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.